लाल पोटाची माशी

देवरीच्या जमीनदारीत, जंगलाला लागून धुरपताच्या सासरची धानशेती होती. त्या साली श्रावणातच धानाला गाद नावाचा रोग लागला. फुटव्यातून लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पांढुरकी पोकळ नळी निघे. लोक तिला पोंगा म्हणत.

धुरपताचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ बकाराम, याने सगळा दोष बोडीवर ठेवला. शेताच्या वरच्या अंगाला त्यांचं हे लहानसं तळं होतं. संध्याकाळी त्यावर डासांसारख्या माशांचे थवे धुरासारखे उठत. त्याच धानात शिरतात, म्हणून पाळ फोडून पाणी नाल्याला सोडायचं त्याने ठरवलं.

धुरपताला ते पटेना. बोडी गेली तर आश्विनात धान कशावर तगणार? पण भासऱ्यापुढे बोलायची रीत नव्हती, आणि नवरा शालीकराम भावाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. आधी आपल्या डोळ्यांनी बघू, असं तिने मनाशी ठरवलं.

तिने पोंगे मातीसकट उपटून गाडग्यात लावले, वर कंदिलाची काच ठेवून तोंडाला पातळ फडकं बांधलं. शेजारच्या रुख्माकडून मागून आणलेल्या दुसऱ्या काचेत बोडीवरच्या माशा सोडल्या. पहिले पोंगे सुकून गेले. थोरली जाऊ, बकारामची बायको, हसली. धुरपताने पुन्हा नवे लावले आणि चिखल ओला ठेवला.

एका सकाळी पोंग्याच्या शेंड्याशी पांढरं टरफल लटकत होतं आणि काचेवर माशी बसली होती. अंगाने, पायाने थेट बोडीवरच्या माशीसारखी, पण पोट लालभडक. बोडीवरच्या हिरवट होत्या. धुरपता हरखली. पुढे पोंग्यातून काही पिवळट माशाही निघाल्या. रंगावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. ती काचेला डोळा लावून बसली. बोडीवरच्या माशा पुढचे दोन पाय उचलून बसत, कित्येकींच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार होत्या. पोंग्यातल्यांच्या मिशा, लाल असो की पिवळी, दोऱ्यात ओवलेल्या बारीक मण्यांसारख्या.

बकाराम फावडं घेऊन निघाला तशी तिने दोन्ही काचा त्याच्या वाटेत ठेवल्या आणि शालीकरामला सांगायला खुणावलं. त्याने मान खाली घातली. तिने पदर पुढे ओढला आणि स्वतःच बोलली.

"भाऊजी, पोंग्यातून निघते ते माशी येगळी हाय, बोडीतली येगळी. पाळ फोडाल त पाणी जाईन, गाद राहीनच."

बकाराम उकिडवा बसला. "मले त सारख्याच दिसून राहिल्या."

"रंग नोका पाहू. मिशा पाहा."

त्याने काच उजेडाला धरली, बराच वेळ फिरवून पाहिली.

"मंग गादीले करावं का?"

"ते मले अजून मालूम नाही. पाहून राहिली."

तो फावडं घेऊन घरी वळला.

त्या साली निम्मं धान गादीनं गेलंच. आश्विनात पाऊस तुटला, तेव्हा उरलेलं बोडीच्या पाण्यावर पिकलं. धुरपता तोवर बांधाबांधाने फिरत होती. तिथल्या रानटी धानातही तिला तसेच पोंगे सापडले; लाल पोटाची माशी तिथूनच शेतात येत असावी. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन तिने एका टोकापासून बांध साफ करायला घेतले.