आवणीला चालणारा हात

सारिकाच्या उजव्या अंगठ्यावरच्या चामखिळीला गावाने जेवढे सल्ले दिले, तेवढे कुणी सरपंचालाही दिले नसतील. नवऱ्याने, जीवनने, घोड्याच्या शेपटीचा केस आणून तिच्या बुडाशी आवळला. सासूने चुना-सोडा थापला. माहेरी मुरबाडला आईने देवीला केरसुणी वाहिली. अंगठा सोलून निघाला आणि चामखीळ मात्र हरभऱ्याएवढी होऊन ऐटीत बसली.

एरवी सारिकाने ती राहू दिली असती. पण ती अंगणवाडीत मदतनीस. तीस-चाळीस पोरांची खिचडी रोज तिच्या हातची. एक दिवस पोरीला सोडायला आलेल्या रविनाला तो अंगठा दिसला आणि आठवड्यात निम्म्या पोरांनी ताटली धरायची बंद केली.

"आयांनी अर्ज लिवलाय गो," सेविका निर्मलाताईंनी सांगितलं. "पयली सही रविनाची. महिनाअखेरीस शहापूरच्या हापिसात देनार. तुला काढतील."

नऊ वर्षं जी पातेली घासली ती एका चामखिळीपायी हातची जाणार! सारिका धुसफुसत शहापूरच्या दवाखान्यात गेली.

"ही हट्टी जात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलमाला जुमानणार नाही. हिच्या आतच औषध टोचते. आधी अंगठा बधीर करू, म्हणजे दुखणार नाही."

बधीर करायची सुईच अशी कळवळून लागली की सारिकाने टेबलाची कड धरली.

"आता कळतंय काही?"

"नाय. पन मगाशी कळलं त्याचा काय?"

बाई हसल्या. दुसरी सुई चामखिळीत शिरली, ती सारिकाने नुसती पाहिली. "काळी पडेल, घाबरू नका. मग गळेल. नाही गळली तर महिन्याने परत टोचू. चिखलात हात घालू नका. आणि शिजवलेल्या अन्नातून ही कुणाला होत नाही, हे गावात सांगा."

गावात सांगा! गाव ऐकून घेणारं असतं तर आणखी काय हवं होतं?

आठव्या दिवशी चामखीळ डांबरासारखी काळी झाली. फोनवर फोटो बघून डॉक्टरीणबाई खूश. इकडे पाणवठ्यावर मात्र बोंब, की सारिकाचा अंगठा सडला. सारिकाला वाटलं, आपलंच डोकं धोंड्यावर आपटावं.

आणि शनिवारी त्याच रविनाचा निरोप आला, "उद्या आमची आवणी. सावड हाय, चुकवू नको."

चार घरं मिळून एकमेकांची भातलावणी करत. मागल्या रविवारी रविना सारिकाच्या शेतात दिवसभर वाकली होती, म्हणजे जाणं आलंच. सारिकाने अंगठ्याला प्लास्टिक बांधलं. ते तासाभरात चिखलात गळून पडलं.

रविनाने स्वतः रोपांची जुडी तिच्या हातात दिली. दुपारी भाकरीही त्याच हातावर ठेवली, वर ठेचा. सारिका त्या भाकरीकडे बघत राहिली. मग तिने काळा अंगठा रविनाच्या नाकासमोर धरला.

"ह्यो चालतो तुला?"

"शेताचा येगळा, पोरांचा येगळा," रविना म्हणाली.

"ह्या शेतातला भात तुजी पोरगी नाय खात?"

"गो, त्याचं काय..."

सारिका उठली. सकाळपासून आपण लावलेल्या ओळीशी गेली, वाकली, आणि रोपं उपटायला लागली. एक, दोन, मूठभर. बायका घास तोंडात धरून बघत राहिल्या.

"अगो, येडी झालीस काय?" रविना धावली. "रोप संपलंय माजं! दुसरा कुठशी आनू?"

"सडक्या हाताचं हाय ना? मग नको तुज्या शेतात." राग आणि रडू एकदमच आलं, पण हात थांबला नाही. "नऊ वर्सं तुमच्या पोरांना भरवलं. तुज्या पोरीला मीच पयला घास दिलाय."

म्हातारी सकुबाई बांधावरून खेकसली, "रविना, तोंड काय बघतंस? जा, घरात ठेवलेला अर्ज आन हितं."

"सकुबाय, तुजाबी अंगठा हाय त्याच्यावर."

"हाय, म्हनूनच सांगतंय. जा."

रविना पाय आपटत घराकडे निघाली. थोडं जाऊन वळली. "तवर लाव तरी गो! उन्हात सुकेल ते."

"आदी कागद आन," सारिका म्हणाली, आणि उपटलेली रोपं उराशी धरून गुडघाभर चिखलात तशीच उभी राहिली.