एक तार आतली, एक बाहेरची

"ही कपाटाची, ही प्रिंटरच्या खोलीची. आणि ही कुठली ते मलाही माहीत नाही, पण पहिल्यापासून जुडग्यात आहे," असं म्हणत मोहिनी पगारेनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

संतोष बोरस्तेंनी त्या लगेच उचलल्या नाहीत. पन्नाशीचा माणूस. अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. कारखाना बंद पडला आणि आता एका एजन्सीनं त्यांना या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत पाठवलं होतं, मोहिनीच्या जागी. मोहिनी इथं चौदा वर्षं सहायक होती, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. शेवटचा करार काल, शनिवारी संपला. आज ती फक्त किल्ल्या द्यायला आली होती.

"मॅडम, माझ्यामुळं तर नाही ना झालं हे?"

"नाही हो. तुम्ही नसता तर दुसरं कोणी आलं असतं."

हे ती मन मोठं करून म्हणाली नव्हती. करार पुढं वाढवणार नाही असं पत्र हातात पडल्याला पंधरा दिवस झाले होते. तेव्हापासून तिला राग आला नव्हता की रडू आलं नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं.

तेवढ्यात दिवे एकदम लख्ख झाले आणि गेले. वरच्या फळीवर फट्ट असा आवाज झाला. मिनिटभरानं दिवे आले, पण फळीवरचा राउटर सुरू झाला नाही. त्यातून जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता.

सव्वादहा झाले होते. दोन वाजता नोकरभरतीची ऑनलाइन परीक्षा होती. साठ मुलं. मनमाडपासून सुरगाण्यापर्यंतची मुलं येऊन फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसलीसुद्धा होती.

प्राचार्य देवरे सर धावत आले. त्यांच्या मागोमाग परीक्षेचे निरीक्षक.

"बारापर्यंत नेट सुरू नाही झालं तर केंद्र रद्द होईल," निरीक्षक म्हणाले. "मुलांना पुढची तारीख मिळेल."

"कधीची?"

"ते मी सांगू शकत नाही."

रविवार. दुकानं बंद. देवरे सरांनी बोरस्तेंकडे पाहिलं.

"मला वायरिंग कळतं, सर. हे नाही."

मग सरांनी मोहिनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या पत्रावर त्यांचीच सही होती. "मॅडम, तुम्हाला मी आता काही काम सांगू शकत नाही. पण..."

कोपऱ्यात भंगारात काढलेले संगणक रचून ठेवले होते. त्यातला एक मोहिनीनं ओढून बाहेर काढला, पदरानं धूळ झटकली आणि झाकण उघडलं. दुसऱ्या एका मेलेल्या संगणकातून नेटवर्कचं कार्ड उपसलं आणि ह्यात बसवलं. पहिल्या वर्षी कॉलेजनं राउटर घेतलाच नव्हता, तेव्हा तिनं असंच चालवलं होतं. हात विसरले नव्हते.

"हा तर साधा कॉम्प्युटर आहे," बोरस्ते म्हणाले.

"राउटरही एक कॉम्प्युटरच असतो. इकडचं तिकडं पाठवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून ह्याला दोन तारा. एक बाहेरची, भिंतीतून येते ती. एक आतली, आपल्या साठ मशिनांकडे जाणारी. वहीत लिहून घ्या."

बोरस्तेंनी खिशातली छोटी डायरी काढली.

कपाटातल्या जुन्या पेनड्राइव्हवरचा, संगणकाचा राउटर करणारा फुकटचा प्रोग्राम सुरू झाला. जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं त्यानं विचारलं. मोहिनीनं होय केलं. पंखा घरघरत होता. पुढं प्रश्न आला, बाहेरचं कार्ड कोणतं?

"आता हे कसं ओळखायचं?"

"तार उपटायची. ज्याचा दिवा जाईल ते."

बोरस्तेंनी तार उपटली. दिवा गेला. त्यांना जरा हसू आलं.

जळलेल्या राउटरचा जो पत्ता होता तोच तिनं ह्याला दिला, म्हणजे साठ मशिनांना हात लावायला नको. मग पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि तिची बोटं थांबली. पासवर्ड आपल्यालाच माहीत असेल, तर काही अडलं की यांना आपल्याला बोलवावंच लागेल. हा विचार आला, थोडा वेळ तिथंच राहिला.

ती खुर्चीतून उठली. "पासवर्ड तुम्ही टाका. तुमच्या लक्षात राहील असा."

बोरस्ते बसले. मोहिनीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मागं एका बोटानं दाबलेल्या कळांचा आवाज येत राहिला. आठ वेळा. मग पुन्हा आठ वेळा.

अकरा चाळीसला पहिल्या मशीनवर परीक्षेचं पान उघडलं. मग दुसऱ्या, तिसऱ्या. निरीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि कागदावर खूण केली. परीक्षा सुरू होईपर्यंत मोहिनी त्या संगणकाशेजारी स्टुलावर बसून राहिली. दोन वाजता साठ मुलांनी एकदम माऊस धरले आणि कुठंच काही अडलं नाही, तेव्हा ती उठली.

जिन्यात देवरे सर भेटले. "तुम्ही होतात म्हणून झालं, मॅडम. मी संस्थेत बोलून बघतो."

"हो, सर." ती उतरत राहिली.

फाटकाशी गेणूभाऊ वॉचमन एक रजिस्टर घेऊन उभे होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, जरा थांबा. सकाळी म्या तुम्हाला तसंच आत सोडलं. त्या परीक्षेच्या सायबानं स्टाफची यादी पाहिली, लय बोलला मला. यादीत नाव नाय त्याची नोंद पायजे म्हणतो."

"द्या ना."

तिनं नाव लिहिलं. आत आल्याची वेळ लिहिली, बाहेर जायची लिहिली. पुढचा रकाना होता, 'कोणाकडे काम'. पेन तिथं जरा थांबलं. फाटकाबाहेर मुलांचे आईबाप कागद अंथरून सावलीला बसले होते.

मग तिनं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: श्री. बोरस्ते, संगणक प्रयोगशाळा.

"सही इथंच ना?" तिनं विचारलं.