लपवलेला ताप

आमची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली, त्यामुळे अगदी स्वस्तात पडणार होती. थायलंड, व्हिएतनाम, ब्राझील आणि आम्ही मिळून ती करत होतो, कारण श्रीमंत देशांच्या लशी आमच्या वाट्याला येईपर्यंत साथीत माणसं मरत होती. चाचणीचं आमच्या देशातलं एकमेव केंद्र अलिबागला होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी किहीमच्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांची मुलगी. पण बाबांनी जन्मभर खाडीकाठच्या खारेपाटातल्या मिठागरवाल्यांत डॉक्टरकी केली. त्यामुळे 'आपल्या क्षिप्राची सुई' म्हणत तिथलं एक गावच्या गाव दंड पुढे करून गेलं. मी नुसती हवेत होते.

मग चार देशांची ऑनलाइन बैठक झाली. मात्रा जास्त ठेवायची की कमी, हे ठरायचं होतं. बँकॉकच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, की जास्त मात्रेने आमच्याकडे आणि ब्राझीलमध्ये पुष्कळांना सणकून ताप आला, तुमच्याकडे एकालाही कसा नाही? आमचे साहेब खूश. आपली माणसं काटक, म्हणाले. जास्त मात्राच पुढे जाणार असं दिसू लागलं. मी आमच्या नोंदी पुन्हा चाळल्या: ताप सोडाच, साधी अंगदुखीही कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तडक खारेपाटातल्या त्या गावात सगुणाकाकूचं घर गाठलं. तिने आणि तिच्या नवऱ्याने, रामचंद्रकाकांनी, दोघांनीही लस घेतली होती. आधी चहा झाला, मग इकडचं तिकडचं झालं. शेवटी काकाच हसत म्हणाले, की सुई घेतली त्या रात्री दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी जात नव्हती.

"मग आम्ही रोज फोन करत होतो, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आमचे पोरीचा औषद हाय," काकू म्हणाली. "त्याला नाव कशाला ठेवाचा? सगल्या गावानच ठरवला व्हता."

लग्नात वरण खारट झालं तरी ही माणसं वाढणाऱ्याला कळू देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! तरी माझं डोकं फिरलं. तुमच्या तापावरून मात्रा ठरायची आहे, उद्या तीच मात्रा चार देशांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना टोचतील, असं मी तिथे ओरडून सांगितलं. त्यांच्या प्रेमाचा मला राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

साहेब म्हणाले, जरा सबुरीने घे, केंद्र हातचं जाईल. मी पुढच्या बैठकीत सगळं सांगून टाकलं. आमची सगळी माहिती बाद झाली आणि केंद्र बंद झालं. मात्रा आता बाकीच्या तीन देशांच्या माहितीवर ठरणार होती. बँकॉकच्या बाईंनी माझे आभार मानले, तेव्हा मला रडू आवरेना.

मी केंद्राच्या खोल्या आवरत होते, तेव्हा दारात टेंपो थांबला. गाव उतरलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आपल्या खोटेपणाने क्षिप्राचं काम गेलं. सगळे रांगेत उभे राहिले. पुढे सगुणाकाकू.

"लिवून घे," ती म्हणाली. "मना ताप व्हता. अंग ठणकत व्हता. याना उलटी झालती. आता येकपन खोटा न्हाय बोलनार."

मी कागद घेतला. एकेक जण येऊन सांगत गेला, मी लिहीत गेले. रांग संपल्यावर काकूने विचारलं, "आता घेतील ना आपल्याला परत?"

हो म्हणायला जीव नुसता तळमळत होता. पण खरं बोला म्हणून त्यांच्यावर ओरडले होते ती मीच.

"नाही, काकू," मी म्हटलं.