रिकाम्या स्टुलासमोर वाचलेले पान

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. एकाच ओंडक्यातून कोरलेले, मधोमध खोलगट, पायाशी थोडे उललेले. घानाच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात, लेखनवर्गाच्या खिडकीशी माझी एकवीस वर्षे गेली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्यासमोर पुष्कळ जण बोलले. पण माझी विचारपूस करावी असे कुणाला वाटले नाही.

आमच्याकडे माणूस उठला की स्टूल आडवे करतात. नाहीतर वाट चुकलेला एखादा आत्मा येऊन बसतो म्हणे. क्वान्सा सर मात्र मला मुद्दाम उभे ठेवत. ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस इथे बसला आहे असे समजून मुलांनी आपला खर्डा वाचायचा, हा त्यांचा नियम. वाचून झाले की सर विचारत, माणूस बसून राहिला की कंटाळून उठून गेला? मुले हसत आणि निमूटपणे पुन्हा लिहायला लागत. अशी शेकडो माणसे माझ्यावर बसून गेली. वजन मात्र एकाचेही जाणवले नाही.

एसाबा वर्गात आली तेव्हा तिची आई जाऊन पाच आठवडे झाले होते. अंत्यविधी अजून व्हायचा होता; आमच्याकडे सगळे नातलग जमेपर्यंत तो आठवडेच्या आठवडे थांबतो. आई बाजारात धुरावर वाळवलेले मासे विकायची. अंत्यविधीच्या पुस्तिकेत गेलेल्या माणसाविषयी त्याच्या मुलांनी लिहिलेला मजकूर छापतात आणि चर्चमध्ये तोच वाचतात. एसाबाने तो लिहिला होता, मामाने शाबासकीही दिली होती. वर्गाचा निबंध म्हणून तिने तोच आणला. तेवढेच काम वाचले.

ममतेचा सागर, घराचा आधारस्तंभ, देवभीरू माता, असे ती वाचत गेली. सरांनी सगळे ऐकून घेतले.

"ही बाई कोण?"

"माझी आई, सर."

"असेल. गेल्या शनिवारच्या पुस्तिकेत माझ्या शेजाऱ्याची आईही हीच होती."

एसाबाला राग आला. सगळे असेच लिहितात, असे म्हणून कागद पिशवीत कोंबून ती निघून गेली. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या खर्ड्यात नुसत्या तारखा आल्या. तिसऱ्यात आई आली. मासा कानाशी धरून मोडणारी, आवाजावरून तो नीट वाळला की नाही सांगणारी, गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडणारी. वर्ग खूश झाला. पण कॉलेजच्या प्रवेशसमारंभाला आईला येता आले नाही, ही एक ओळ एसाबाने भरकन वाचून टाकली.

"एवढी घाई कसली होती गं इथे?" सरांनी विचारले.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर ती एकटीच आली. चौथा खर्डा हातात होता आणि ती ओळ बदलली होती. माझ्याकडे बघत तिने वाचले, "आई, तुला यायचं होतं. मीच नको म्हणाले. तुझ्या कपड्यांना धुराचा वास येतो म्हणाले." पुढे तिला वाचवेना. मी पडले लाकूड. तिच्या पाठीवरून हात तरी कसा फिरवणार?

घरची अब्रू चव्हाट्यावर नको म्हणून मामाने पहिलाच मजकूर छापला. चर्चमध्ये एसाबाने पुस्तिका मिटली आणि चौथा खर्डा वाचला. सोमवारी ती हे सरांना सांगत होती. मामाने अबोला धरला होता. पण आईच्या शेजारी मासे विकणाऱ्या मानसा मावशीने तिला बाजूला घेतले होते.

"ती आली होती गं त्या दिवशी," मावशी म्हणाली होती. "कपडे तीनदा धुतले होते. मी होते ना बरोबर. फाटकाबाहेरून तुला समारंभाच्या त्या काळ्या झग्यात डोळे भरून बघितलं आणि परत फिरलो. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

निबंधाला गुण द्यायचे होते, ते सरांनी त्या दिवशी दिले नाहीत.

मित्रांनो, आता सर निवृत्त झाले. मी अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली पडले आहे. महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. फार एकटे वाटते. माझे जाऊ द्या. तुमचे पान लिहून झाले असे वाटेल, तेव्हा ज्याच्याविषयी लिहिले त्याला समोर बसवा आणि मोठ्याने वाचा. जी ओळ भरकन वाचाल, ती पुन्हा लिहा. एसाबा तिसऱ्या खर्ड्यावर थांबली असती, तर मानसा मावशीने आपली शपथ पाळली असती.