नबराची हाक

“तो शब्द या हॉलमध्ये वाजणार नाही, मामा. वाजवायचाच असेल तर आधी मला कमिटीतून काढा,” मी म्हणाले आणि चहाचा पेला जरा जास्तच जोरात खाली ठेवला.

“काढतो की! दोन वर्षं हेच म्हणतोय मी,” सालिहीनकाका म्हणाले. हे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलात स्वयंपाक केला, त्यामुळे सगळ्यांना ढवळत राहायची सवय. “पोरगी शिकली, मास्तरीण झाली, आता आम्हालाच तोंड सांभाळायला शिकवतेय. उद्या काळ्या चहालाही काळा म्हणायचं नाही का गं?”

“चहाला खुशाल म्हणा काका. तो शाळेतून घरी जाऊन रडत नाही.”

काकांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. शाझलीमामा मात्र मघापासून खिडकीतल्या मातीच्या सुरईकडे बघत बसला होता. भांडण त्याच्याच वस्तूवरून चाललं होतं आणि तो असा, जसं काही दुसऱ्याच्या लग्नाला आलाय.

आमची संस्था काहिरा शहरात, अब्दीन भागात, तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीत. दक्षिणेतलं आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला पंचावन्न वर्षं झाली, पण गावाची संस्था आहे. लग्नं इथं ठरतात, मयताला माणसं इथं जमतात, आणि रुसवेफुगवे तर विचारूच नका. गाव सोडल्याच्या दिवसाचा कार्यक्रम त्या शुक्रवारी होता. आणि मामाला, अल्लाची करणी, नेमकी त्याच आठवड्यात ती रीळ सापडली होती.

ती गोष्ट सांगायला हवी. गाव सोडायच्या शेवटच्या आठवड्यात टेलिव्हिजनची माणसं बोटीनं आली होती. त्यांनी पंचवीस मिनिटांचा माहितीपट केला. त्यात माझी आजी होती, नबरा. नव्या वस्तीत गेल्यावर पाचव्या महिन्यात ती तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही. माझी आई तेव्हा वर्षाची होती. तिनं स्वतःच्या आईचा चेहरा बघितलेला नाही. अजूनही कुणी म्हातारी बाई भेटली की आई हळूच विचारते, “नाक कसं होतं हो तिचं? माझ्यासारखं?” छप्पन्न वर्षांची बाई असं विचारते.

मामा आईचा थोरला भाऊ. टेलिव्हिजनच्या टेपांच्या कोठारात त्यानं सदतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्या दिवसापासून त्याला एकच वेड, तो माहितीपट. किती कचेऱ्यांत चपला झिजवल्या, किती निवृत्त कॅमेरामनच्या दारात उभा राहिला, जुन्या बाजारात गंजलेले डबे उघडून वास घेत फिरला. सगळीकडे एकच उत्तर. टेपा महाग होत्या, एकावर दुसरं भरत होते, पुसली असेल. शेवटी एका वारलेल्या ध्वनिमुद्रकाच्या बायकोनं शुब्रातल्या घरी पलंगाखालचा खोका ओढून दिला. आत रीळ होती. डब्यावर लिहिलेलं, ‘गावकरी, आवाज’. चित्र नाही. नुसता आवाज.

मामानं ती जुन्या यंत्रावर पहिली पाच मिनिटं ऐकली आणि बंद केली. पाच मिनिटांत निवेदकानं आम्हाला दोनदा ‘बरबरी’ म्हटलं होतं.

दक्षिणेतून आलेल्या आम्हा काळ्या माणसांना हिणवायचा हा शब्द मी शाळेत ऐकलाय, बसमध्ये ऐकलाय. कॉलेजात एका प्राध्यापकानं तर कौतुकानं म्हटलं होतं, बरबरी असून काय छान बोलतेस. सिनेमात दार उघडणारा, ताट वाहणारा, दात दाखवून हसणारा जो कुणी असतो, त्याचं ते नाव. आमच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणूनच तो शब्द ठेवलाय. आणि आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच पोरांसमोर, आम्हीच तो वाजवायचा?

“मग कापून टाका ना तेवढा,” सालिहीनकाका म्हणाले. “मांसाला चरबी फार झाली की मी काय अख्खी तंगडी फेकत होतो?”

“चालेल. शाझलीमामा?”

“कापू,” मामा म्हणाला. एवढंच.

*

नाजी हा माझ्या मैत्रिणीचा नवरा. जुन्या गाण्यांच्या तबकड्या साफ करून देतो. त्याच्या स्टुडिओत सकाळी दहाला आम्ही तिघं बसलो. रीळ त्यानं कंप्युटरवर उतरवून घेतली होती. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसत होत्या, शेजारी शेजारी लावलेल्या खजुराच्या पानांसारख्या.

पहिला ‘बरबरी’ गेला. दुसरा गेला. नाजीनं सांधा असा काही जुळवला की कुणाला पत्ता लागू नये. मी खूष. मामा मांडीवर हात ठेवून ताठ बसलेला.

मग बोटीचे भोंगे आले, कुत्र्यांचं भुंकणं आलं. गावातून निघताना आमच्या बायका कबरस्तानात गेल्या होत्या. आमच्याकडे कबरीपाशी मातीची वाटी ठेवतात, तिच्यात पाणी घालतात. त्या दिवशी शेवटचं घालायचं होतं. वाळूतून चालणारी पावलं ऐकू आली, कुणाचे तरी हुंदके ऐकू आले. आणि वरून निवेदकाचा गोड, साजूक तुपातला आवाज, “या भोळ्या बरबरी बायकांना कोण समजावणार, की मेलेल्यांना तहान लागत नाही!”

“थांब,” मामा म्हणाला. “मागे घे.”

नाजीनं मागे घेतलं. मला तोवर फक्त निवेदकच ऐकू आला होता. दुसऱ्यांदा त्याच्या शब्दांखाली काहीतरी हललं. तिसऱ्यांदा मी ते ऐकलं. आमच्या भाषेत, लांबून, एक बाई हाक मारत होती.

“शाझलीऽऽ! पाणी आण रे, शाझली!”

 मामाचा हात माझ्या मनगटावर होता, तो त्यानं कधी धरला तेही कळलं नाही.

“आजी?” मी विचारलं.

मामानं होकारार्थी मान हलवली.

हाक बरोब्बर ‘बरबरी’पासून सुरू होत होती आणि ‘तहान’पाशी संपत होती. तो शब्द कापला की शाझलीमधला ‘शा’ जायचा. वाक्य कापलं की आजीच जायची.

“दोन्ही आवाज एकाच पट्टीवर मिसळलेत,” नाजी म्हणाला. “वेगळे करून बघतो. कंप्युटर थोडंफार करतो हल्ली.” त्यानं बराच वेळ खटपट केली. मग वाजवलं. निवेदक जवळजवळ गेला होता. पण आजीचा आवाज गुदमरलेला, बुडबुड्यांतून यावा तसा. नाव तर कळतच नव्हतं.

“पाण्याखालून आल्यासारखा येतोय,” नाजी ओशाळून म्हणाला. “अजून प्रयत्न करू?”

“नको,” मामा म्हणाला. “एकदा बुडवलंय तिला. पुरे.”

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. बाहेर आले तर मामा जिन्यात बसला होता, हातात न पेटवलेली सिगारेट. मी शेजारी टेकले.

“दहब, चित्राची टेप कुणी पुसली माहीत आहे?”

“सरकारनं. आणि कोण पुसणार?”

“मी.”

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

“ब्याऐंशी साल. आठवड्याला यादी यायची, या-या नंबरच्या टेपा पुसा. मी यंत्रावर ठेवायचो, बटण दाबायचो, घूंऽऽ करून कोरी व्हायची. एक दिवस ही टेप हातात आली. यादीत नव्हती. गावाचं नाव वाचून मी लावली. खोलीत आणखी चौघं होते, चहा पीत. आई दिसली. मी सात वर्षांचा, बाजूला उभा, कॅमेऱ्याकडे तोंड वासून बघतोय. कॅमेरावाल्यानं तिला परत एकदा पाणी ओतायला लावलं, वाटी नीट दिसली नाही म्हणून. घागर रिकामी झाली होती. तिनं मला हाक मारली. मी गेलोच नाही. कॅमेऱ्यातून नजर काढवेना. मग तिनं रिकामीच घागर वाकडी केली. दिसतं ते, त्या चित्रात. पाणी पडत नाही.”

 वरच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं.

“आणि आईच्या हाकेवरच तो निवेदक बोलला, बरबरी, मेलेल्यांना तहान. चौघंही हसले. एक म्हणाला, ‘ए शाझली, ही तुझीच कुणीतरी दिसतेय रे. कोण आहे?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही.’”

“मामा...”

“कुणी नाही म्हटलं मी, पोरी. सव्वीस वर्षांचा घोडा. संध्याकाळी यादीत शेवटी तो नंबर माझ्या हातानं लिहिला. वाटलं, तो शब्द गेला, हसणारे गेले, सुटलो. आईही त्यातच गेली, हे यंत्राची घूं थांबल्यावर डोक्यात शिरलं. ती घूं अजून थांबलेली नाही कानातली.”

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू? माझ्या आईनं आयुष्यभर अनोळखी बायकांना नाकाबद्दल विचारलं आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं. पण चिडून बोलणार काय? परवा चहाचा पेला आपटून मी जे मागत होते, तेच यानं छत्तीस वर्षांपूर्वी एकट्यानं करून टाकलं होतं. 

“आईला सांगणार?” एवढंच विचारलं.

“मीच सांगीन. तू बोलू नकोस.”

*

शुक्रवारी नमाजानंतर हॉल गच्च भरला. मसूर, भात, खजूर, पोरांचा गोंधळ. भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. चित्र नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण पडद्याशिवाय बघायचं तरी कुठं, असं सालिहीनकाकांचं म्हणणं पडलं. आई पहिल्या रांगेत बसली होती, नवी काळी ओढणी घेऊन. शेजारची खुर्ची तिनं भावासाठी धरून ठेवली होती.

मी उठून म्हटलं, “यात एक शब्द तीनदा येतो. मला तो चालत नाही, आजही चालत नाही. माझ्या वर्गात कुणी उच्चारला तर मी त्याला बाहेर उभं करते. पण तो काढला तर त्याच्याखालचं एक माणूस जातं. म्हणून तो ठेवलाय, आणि एक ठेवायचा तर तिन्ही ठेवावेत म्हणून कापलेले दोनही परत जोडलेत. पोरांना नंतर मी समजावीन. ज्याला कान झाकायचे त्यानं झाकावेत.”

“आम्ही चाळीस वर्षं उघड्या कानांनीच ऐकलाय बाई,” मागून सालिहीनकाका म्हणाले. 

मग मामा उभा राहिला. त्यानं आईकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. यादी, नंबर, बटण. ‘कुणी नाही’ हेसुद्धा. आवाज चढवला नाही, माफी मागितली नाही. 

 आईनं मांडीवरची पर्स उचलून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

मामानं ते पाहिलं. तो मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. नाजीनं रीळ सुरू केली.

निवेदक बोलत राहिला. पहिला शब्द आला, तेव्हा म्हाताऱ्यांच्या रांगेत कुणीतरी “बोल लेका, बोल” असं पुटपुटलं. दुसरा आला. भोंगे, कुत्री, वाळूतली पावलं. बायकांनी ओढण्या तोंडाला लावल्या. मी आईकडे बघत होते. तिला कुठं कान द्यायचा हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती पुढे झुकली.

“शाझलीऽऽ! पाणी आण रे, शाझली!”

आईनं डोळे मिटले. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदाच तिनं स्वतःच्या आईला बोलताना ऐकलं, आणि हाक होती भावाला. “अम्मा गं,” ती म्हणाली, एवढ्या बारीक आवाजात की मलाच ऐकू आलं.

आणि मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मामा खिडकीकडे चालला होता. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, पण भरभर चालला होता, उशीर झाल्यासारखा. त्यानं सुरई उचलली, खजुराची एक मातीची वाटी रिकामी केली आणि पाणी ओतलं. थोडं शर्टावर सांडलं. लोकांनी पाय आखडून वाट दिली. निवेदक अजून बोलतच होता. मामा पडद्यापाशी गेला, खाली वाकला, वाटी जमिनीवर ठेवली आणि काठोकाठ भरली.

मग कुठं जावं हे त्याला सुचेना. तो सुरई हातात धरून तिथंच उभा राहिला.

आईनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून पुन्हा मांडीवर घेतली.