शून्य सांगणारा तराफा

मी एक जुना तराफा आहे, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. मित्रांनो, तलावाच्या काठावरून पाहिलंत तर मी तुम्हाला बगळ्यांनी घाण केलेला फळ्यांचा चौथरा वाटेन. वाटू दे. मी शोभेसाठी तरंगत नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. आठ निळी पिंपं, त्यांवर लोखंडी सांगाडा, वर फळ्या आणि मधोमध एक चौकोनी भोक. "तरंगायच्या वस्तूला भोक? तीन वर्षं टिकला तरी डोक्यावरून पाणी," वेल्डर म्हणाला होता. मला चौदा वर्षं झाली. आणि ते भोक हेच तर माझं काम आहे! त्यातून मोजणीचं यंत्र दोरीने एकेक मीटर खाली सोडतात आणि कुठल्या खोलीवर पाणी किती गार आहे, त्यात प्राणवायू किती आहे, ते पाहतात. काठावर उभं राहून हे कळत नाही. तलाव वरून कसा छान चमकतो. त्याच्या पोटात काय चाललंय ते समजायला खोल पाण्यावर ठाण मांडून बसावं लागतं. म्हणून मला चार नांगर टाकून इथे बसवलं.

दर मंगळवारी माझ्याकडे दोघं येतात. पाण्याचं संशोधन करणाऱ्या ताई आणि त्यांना होडीतून आणणारे काका. काका यंत्रावरचा आकडा मोठ्याने ओरडतात, ताई तोच आकडा पुन्हा म्हणतात आणि मगच वहीत लिहितात. दोन तोंडांतून गेल्याशिवाय आकडा कागदावर उतरायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. पहिल्या वर्षी माझा फोटो वर्तमानपत्रात आला होता. मोठमोठी माणसं माझ्यावर उभी राहून हसली होती. पुढे त्यांच्यापैकी कोणी फिरकलं नाही. माझ्या दोन पिंपांना चिरा गेल्या, त्या काकांनीच डांबर लावून बुजवल्या.

यंदा उन्हाळा असा तापला, की पाणी भराभर उतरलं. शहराला पाणी देणारं, तलावाच्या बांधातलं वरचं दार कोरडं पडायच्या बेतात आलं. तेव्हा पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ठरवलं, सोमवारी खालचं दार उघडायचं. ते दार होतं आठ मीटर खोल. आणि आठ मीटरवर मी तीन आठवडे एकच उत्तर देत होतो. शून्य. प्राणवायू अजिबात नाही.

कार्यालयातल्या अहवालात मात्र तिथे चार लिहिलेलं होतं! झालं असं, की तिथे ताईंच्या वहीतले आकडे उतरवणाऱ्या कारकुनाला वाटलं, शून्य आलं म्हणजे यंत्र बंद पडलं. मग त्याने चांगुलपणाने आधीचा धडधाकट आकडा तिथे भरून टाकला. तिन्ही आठवडे. वर शेरा मारला, 'तराफा निकामी, काढून टाकावा.'

निकामी! मला संताप आला, मित्रांनो. बंद पडलेलं यंत्र गप्प बसतं. मी तर घसा फोडून सांगत होतो.

शनिवारी सकाळी मला ओढून न्यायला मोटारबोट आली. तीत साहेब स्वतः होते. बातमी लागल्यामुळे ताई आणि काका त्याआधीच येऊन माझ्यावर बसले होते.

"ताई, उतरा आता. हे भंगार आज हलवायचंय," साहेब म्हणाले.

"हलवा की. पण आधी आठ मीटरवरचं पाणी तुमच्या हाताने वर काढा."

"अहो, यंत्र बिघडलंय तुमचं. शून्य कधी असतं का?"

"यंत्र राहू द्या बाजूला, साहेब," काका म्हणाले. "ही साधी बाटली आहे. धरा दोरी. हात ओले झाले तर पुसायला फडकं देतो."

बोट चालवणारा खुदकन हसला, तेव्हा साहेबांना माझ्यावर चढावंच लागलं. त्यांनी दोन्ही तोंडं उघडी असलेली बाटली भोकातून खाली सोडली. मग काकांनी दोरीवरून लोखंडी वजन घरंगळत सोडलं. ते आदळलं, बाटलीची तोंडं मिटली. साहेब दोरी ओढू लागले. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही शंका आली. चौदा वर्षांत आजच चुकलो असेन तर?

साहेबांनी बाटली उघडली आणि तोंड फिरवलं. सडक्या अंड्यांचा वास माझ्या फळ्यांवर पसरला.

"हे पाणी... हे आपण सोमवारी नळाला सोडणार होतो?"

"हो. तुमच्या घरच्या नळालासुद्धा," ताई म्हणाल्या. "प्राणवायू संपला, की तळाचं पाणी असं कुजतं."

काकांनी यंत्र खाली सोडलं आणि नेहमीसारखे ओरडले, "आठ मीटर, शून्य!" ताईंनी वही उघडली, पण आकडा पुन्हा म्हटला नाही. नुसत्या साहेबांकडे बघत राहिल्या.

"शून्य," साहेब पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," ताई म्हणाल्या.

"शून्य हो, शून्य!"

मग ताईंनी लिहिलं.

खालचं दार उघडलं नाही. वरच्या दारातून येईल तेवढंच पाणी, तेही एक दिवसाआड, शहराला पुरवून घ्यावं लागलं. रिकाम्या हंड्यांपाशी उभं राहून लोकांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. घालू देत. कुजकं पाणी पिऊन अंथरुणाला खिळण्यापेक्षा शिव्या घालणं बरं.

माझ्यावरचा तो शेरा अजून कोणी खोडलेला नाही. मोटारबोट पुन्हा कधीही येईल. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मित्रांनो, मला रंग नको, हार नको. पिंप चिरलं तर बुजवा, दोरी झिजली तर बदला, एवढं पुरे. पण मी नकोसं उत्तर दिलं म्हणून ते बदलू नका. खुशाल ओढून न्या मला आणि टाका काठावर. आठ मीटरवरचं पाणी त्याने गोड होणार नाही. ते तसंच राहील, सांगायला मी नसेन, आणि पिणार तुम्ही.