न दुखावलेली नस

मशीनचा निकाल पाहताना मामांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

प्रयोग तसा सरळ होता. भूल दिलेल्या उंदराच्या मांडीतली नस, म्हणजे मज्जातंतू, चिमट्यात दाबायची. ती नस ज्या पेशींची, त्या राहतात दूर, पाठीच्या कण्याजवळच्या गाठींत. नस दुखावली की तिथे एरवी गाढ झोपलेलं एक जनुक खडबडून जागं होतं. तुलनेसाठी काही उंदरांवर नकली ऑपरेशन करायचं: कातडी चिरायची, नस उघडी करायची आणि तिला न दुखवता टाके घालायचे. तिथे जनुक झोपूनच राहायला हवं. पण मशीन म्हणत होतं, नेमकं या नकलीवाल्यांतल्याच काहींत ते जागं झालंय.

गाठींचा अर्क भरलेल्या ट्यूबांची अदलाबदल, दुसरं काय! आणि ट्यूबा होत्या भाचीच्या ताब्यात. सख्ख्या बहिणीची ही मुलगी. मामांनीच शब्द टाकून तिला प्रयोगशाळेत लावलं होतं.

"अगं, ट्यूबा इकडच्या तिकडे नाही ना झाल्या?"

"नाही हो मामा." ती बोलली, पण मान वर न करता.

मग मामा डोळ्यांत तेल घालून बसले. भाची मशीनवाल्याच्या कानाला लागे आणि मामा आत आले की दोघं हवापाण्यावर घसरत. एकदा मामा जेवायला उठले तशी तिने परस्पर एका उंदरावर नकली ऑपरेशन उरकलं. विचारलं तर म्हणाली, "सराव हो." कुठेतरी पाणी मुरत होतं. मामा भिडस्त, तिला धड रागावताही येईना. शेवटी ते विभागाच्या मोठ्या बाईंकडे गेले आणि चाचरत सगळं सांगून बसले.

"ट्यूबा बदलल्या असतील तर ती उद्यापासून घरी," बाई म्हणाल्या. "भाची असो की आणखी कोणी."

त्या एका वाक्याने मामांना घास जाईना. प्रत्येक गाठीतला थोडा अर्क त्यांनी सुरुवातीलाच स्वतःच्या कुलपात ठेवला होता. तो काढून त्यांनी मशीन स्वतः चालवलं. निकाल तोच. म्हणजे ट्यूबा जागच्या जागी होत्या! मग त्यांनी नकलीवाल्यांतल्या जागं जनुक निघालेल्या ट्यूबा वेगळ्या मांडल्या. ऑपरेशन करणाऱ्याच्या रंगाचा ठिपका झाकणावर असे. सगळे ठिपके निळे होते. निळा रंग मामांचा.

भाची दारात उभी होती.

"तुला ठाऊक होतं?"

"संशय होता. म्हणून तर स्वतः करून बघितलं, मशीनवाल्याकडून गुपचूप तपासून घेतलं. माझ्या उंदरात जनुक गप्प आहे."

"आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं?"

"काय सांगू, मामा? हल्ली तुमचा हात नस उचलताना ओढतो म्हणून? तुम्हाला कळतही नाही. आईला कळलं असतं तर तिनं मलाच फाडून खाल्लं असतं."

मामा तडक बाईंच्या खोलीत गेले. "ट्यूबा बरोबर आहेत. चूक माझ्या हाताची आहे."

बाईंनी चष्मा काढला. "काल तिच्यावर बोट, आज स्वतःवर? भाचीला पाठीशी घालताय?"

"नाही हो."

"हा विभाग ज्या हातावर उभा राहिला, तो म्हणे ओढतो! कोणाला सांगताय?"

खरं बोलूनही आपण लबाड ठरतोय, हे मामांना नवीनच होतं.

"मग चला," ते एकदम म्हणाले. "तुमच्या डोळ्यांदेखत करतो."

भाचीने उंदराला भूल दिली आणि मायक्रोस्कोपचा पडदा बाईंकडे वळवला. मामांनी कातडी चिरली, स्नायू बाजूला केले. पांढरी नस दिसली. त्यांनी श्वास रोखला आणि आयुष्यात कधी धरला नसेल इतक्या जपून चिमटा तिच्याखाली घातला. हात स्थिर आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

पडद्यावर नस ताणली गेली, सुटली, पुन्हा ताणली गेली.

"थांबा," बाई हळूच म्हणाल्या.

मामांनी चिमटा भाचीच्या हातात दिला आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली.